टाचेखालची वीज

मागच्या वर्षापर्यंत ती वर्गात इतकं हळू बोलायची की हजेरीला ओ दिली तरी बाई तिची गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. मग शाळेच्या खेळांच्या दिवशी माईकवर बोलणाऱ्या मुलीचा घसा बसला, सरांनी हाताला लागेल तिला पुढे ढकललं, आणि हाताला लागली ही. पहिली दोन वाक्यं थरथरत गेली. तिसऱ्या वाक्याला अख्खं मैदान हसलं, आणि ते तिला हसत नव्हतं, तिच्या विनोदाला हसत होतं. झालं. तिच्या तोंडाला जे कुलूप होतं ते त्या दिवशी किल्लीसकट हरवलं. बाबांनी तिचं नाव ठेवलं भोंगा, आणि तिलाही ते इतकं आवडलं की वहीवर तिने तेच लिहून टाकलं.

आता भोंगा म्हटल्यावर तो कुठेही वाजणार. पण तो वाजला भलत्याच ठिकाणी.

त्याचं असं झालं, की मावशी चष्मा भोंग्याच्या घरी विसरली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती दोन गल्ल्या सोडून एका प्रयोगशाळेत कामाला होती, आणि चष्म्याशिवाय तिला मांजर आणि उशी यांतला फरक कळत नसे. तेव्हा चष्मा पोचवायला भोंगा निघाली. प्रयोगशाळा काही फार चकाचक नव्हती. लांबलचक टेबलं, एक भट्टी, काचेच्या बरण्यांत पांढरी पूड, आणि 'हात लावू नये' अशा चिठ्ठ्या इतक्या, की भिंतीला टेकायचीसुद्धा भीती वाटावी.

मावशीचं काम भोंगा मैत्रिणींना असं समजावून सांगायची: प्लॅस्टिक कसं, वाकतं, सोसतं, पण एक नंबरचं आळशी. दुसरीकडे चिनीमातीच्या जातीतली एक पूड असते. ती दाबली की तिच्यातून वीज निघते, पण तिची नुसती वडी केली तर बशीसारखी फुटते. मावशी या दोघांचं लग्न लावून देते. पूड प्लॅस्टिकात कालवायची, त्याचा कागदाएवढा पातळ पापुद्रा काढायचा आणि दोन्ही अंगांनी चांदीचा हात फिरवायचा. आता तो वाकतोही आणि दाबला की वीजही देतो. बुटात टाचेखाली ठेवला तर पावलागणिक चिमूटभर. ती चिमूट साठवायला टाचेत एक चपटी काळी डबी, तिच्यातही प्लॅस्टिकच, फक्त ते कोळशाच्या बारीक भुकटीत कालवलेलं. बॅटरीएवढं ती साठवत नाही, पण झटपट भरते आणि कितीही वेळा भरा, थकत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर पहाटेच्या धुक्यात टपाल वाटत हिंडणाऱ्यांच्या टाचेला लाल दिवा लागावा, म्हणजे मागून येणारी गाडी त्यांना उडवणार नाही.

भोंगा पोचली तेव्हा मावशी आणि तिचे मोठे सर एका बुटाच्या तळव्यावर डोकं धरून वाकले होते. मोठे सर उंचीने लहानच होते, पण हुद्द्याने मोठे. बोलायचे असे, की जणू प्रत्येक शब्दाला तिकीट लागतं.

"हाही मेला," मावशी म्हणाली.

"कारखाना?" सरांनी विचारलं.

"तेच. गरम दाबयंत्रात घालून चिकटवला. किती वेळा सांगितलं त्यांना, गरम करू नका म्हणून."

भोंग्याला हे ठाऊक होतं. पापुद्रा तयार झाला की मावशी त्याला गरम तेलात ठेवून विजेचा जबरदस्त दाब देते. त्याने आतले सगळे कण एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात, शाळा सुरू होताना रांगेत उभे राहतो तसे. मग तसंच दाबात ठेवून गार केलं की ती रांग पक्की होते. पण नंतर कुणी तो पुन्हा तापवला, की कण वाट्टेल तिकडे तोंडं फिरवतात, मधल्या सुट्टीसारखे. मग दाबा नाहीतर त्यावर नाचा, ढिम्म.

"कारखाना यंत्र बदलायला तयार आहे," सर म्हणाले. "पण मग सगळं काम त्यांचं. कायमचं."

इथे भोंगा वाजला. "माझे बाबा करतील."

सरांनी मान वर केली. "कोण बाबा?"

"माझे. बूट करतात, हाताने. त्यांना गरम काही लागत नाही, सुई लागते."

मावशीने चष्म्यातून तिच्याकडे असं पाहिलं की चष्मा आणून दिल्याचा भोंग्याला पश्चात्ताप झाला. पण सर विचार करत होते. मग त्यांनी एका दमात इतके शब्द खर्च केले की मावशीने नंतर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवली.

"एक जोड करू द्या. पुढच्या शनिवारी टपालवाल्या बाई तो घालून सकाळची फेरी मारतील आणि इथे येतील. दोन्ही दिवे पाच-पाच मिनिटं लागले तर वीस जोडांचं काम तुझ्या बाबांचं, पुढचंही त्यांचंच. नाही लागले तर मी कारखान्याला हो म्हणतो."

रस्त्यावर आल्यावर भोंग्याचे पाय जमिनीवर आले. बाबांनी तीन वर्षांत नवा बूट शिवला नव्हता. लोक आणायचे ते तुटलेले पट्टे, झिजलेल्या टाचा, अडकलेल्या चेनी. लाकडी पावलांचे साचे, ज्यांना बाबा कलबूत म्हणत, फळीवर ओळीने बसून राहिले होते, ज्यांची बस कधी येणारच नाही अशा प्रवाशांसारखे. आणि गेल्याच आठवड्यात तिने बाबांना आईशी बोलताना ऐकलं होतं, की मोठ्या बाजारात किल्ल्या करून देणाऱ्याला माणूस हवाय, पुढच्या महिन्यापासून तिथे बसावं, दुकान बंद करावं. आई काहीच बोलली नव्हती. आई काहीच बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी कपाळावर हात मारला. "मला न विचारता माझा शब्द देऊन आलीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"अर्थात नको म्हणालो असतो."

"म्हणूनच."

बाबांनी हातातली आरी खाली ठेवली. मग उठले आणि फळीवरच्या कलबुतांवरची धूळ पुसायला लागले. एकेक उचलायचे, पुसायचे, पुन्हा ठेवायचे. भोंग्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. तेवढी अक्कल तिला होती.

मंगळवारी संध्याकाळी मावशी दुकानात आली ती हातमोजे घालून, छातीशी एक डबा धरून. डब्यात कापसावर चार पापुद्रे. प्रत्येकाच्या एका अंगाला कोपऱ्यात काळा ठिपका, आणि दोन्ही अंगांना करंगळीएवढी चंदेरी शेपटी, तार जोडण्यासाठी.

"चारच आहेत, भावोजी. एका बुटाला दोन, एकावर एक. महिनाभराची मेहनत आहे ही. फाटला तर मी जीव देईन."

"मग मी तुझी उरलेली सुट्टी मागून घेईन," बाबा म्हणाले. त्यांनी हात पुसले, एक पापुद्रा दोन बोटांत धरला, वाकवून पाहिला, उजेडात धरला, हळूच वासही घेतला. "कातडं बरं आहे हे."

"कातडं नाहीये, भावोजी."

"माझ्या हाताला ते कातडंच आहे, मेहुणीबाई. पातळ, रुसकं, आणि कुठल्या बाजूला ताणलं तर चिडेल ते लगेच कळतं."

मावशीला हे आवडलं, पण तिने दाखवलं नाही. तिने एक कागद काढला. "यात बारा सूचना आहेत. एकही चुकवायची नाही. गरम करायचं नाही, हातोडी मारायची नाही, कापायचं नाही. बाकी सगळं यात आहे."

कागद भोंग्याने घेतला. बाबांचे हात गोंदात असणार, तेव्हा वाचून दाखवायचं काम तिचं, हे तिने स्वतःच ठरवलं आणि स्वतःच मंजूर केलं.

टपालवाल्या बाईंच्या पायांची मापं कागदावर आली होती. बाबांनी बुधवारी वरचा भाग कापला आणि शिवला. गुरुवारी तळवे जुळवायचे होते. भोंगा शाळेतून थेट दुकानात, दप्तर कोपऱ्यात, स्टुलावर उभी. आणि काय वाचत होती म्हणून सांगू. बातम्या देणाऱ्या बाईंनी लाजावं असं.

"सूचना पाच. गोंद पातळ लावावा, फक्त कडेने. सूचना सहा. शेपट्यांवर ताण येऊ देऊ नये..."

तेवढ्यात पट्टा तुटलेली चप्पल घेऊन एक आजोबा दारात उभे राहिले. "हे काय चाललंय?"

भोंग्याला तेवढंच हवं होतं. प्लॅस्टिकचं लग्न, आळशी नवरा, फुटकी नवरी, रांगेतले कण, सगळं कथानक आजोबांना ऐकवून झालं. आजोबांनी दोन प्रश्न विचारले, तिने पाच उत्तरं दिली. आजोबा चप्पल ठेवून गेले, जाता जाता बाबांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो." भोंगा वाफेवर तरंगत स्टुलावर परत चढली.

"कुठे होतो आपण? हां. सूचना आठ."

बाबांचे हात मात्र थांबले नव्हते. हातांना पुढचं काम ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी बूट तयार होते. काळे, घोट्याशी मऊ, शिलाई अशी की मुंग्या रांगेने निघाल्यात. आई खास बघायला आली, बूट हातात घेऊन उलटसुलट केले आणि म्हणाली, "मला कधी केलेत असे?" बाबा लाजले. मग मावशी काट्याचा मीटर घेऊन आली. टाचेतल्या डब्या बसवायच्या आधी तिला पापुद्रे तपासायचे होते. तारा लावल्या, बुटात हात घातला, अंगठ्याने टाच दाबली.

काटा जागचा हलला नाही.

तिने जोरात दाबलं. मूठ मारली. मग बूट बदलला. उजवा तसाच, डावा तसाच. काटा नुसता एकदा शहारला आणि शून्यावर बसला.

"भावोजी, तुम्ही कुठे इस्त्रीबिस्त्री तर नाही ना फिरवली?"

"मला काय वेड लागलंय?"

"मग मेले कसे? मी देताना चारही जिवंत होते. एकेक तपासून दिला होता." मावशीचा आवाज चढायला लागला. मग ती एकदम थांबली. "ठिपके कुठे आहेत?"

"बाहेर," बाबा म्हणाले.

"बाहेर म्हणजे?"

"म्हणजे बाहेर. वरच्याचा वर, खालच्याचा खाली. पाठीला पाठ." बाबांना हा प्रश्नच कळेना. "ठिपका म्हणजे दर्शनी अंग ना? आम्ही खडूने करतो तसा. दोन कातडी जोडायची तर पाठीला पाठ लावायची, तोंडं बाहेर. माझ्या आजोबांनीही तसंच केलं, आणि त्यांच्याही."

मावशीने मीटर बाजूला ठेवला. "दोन्ही ठिपके वर हवे होते. दोघांनी एकाच दिशेला ढकलायचं होतं. आता वरचा एकीकडे ओढतोय, खालचा दुसरीकडे. रस्सीखेच बरोबरीत. म्हणून काटा हलत नाही." ती कागद शोधायला लागली. "मी लिहिलं होतं. सातव्या सूचनेत लिहिलं होतं, सगळे ठिपके वर. भावोजी, तुम्ही वाचलं नाही का?"

बाबांनी भोंग्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं आठवायचा प्रयत्न करत. आणि भोंग्याच्या डोळ्यांसमोर दारातले आजोबा उभे राहिले, आणि त्यांच्या मागोमाग ती स्वतः, स्टुलावर चढत, वाफेवर, "सूचना आठ".

क्षणभर तिला वाटलं, बाबांनी चूक आपल्यावर घेतली तर बरं. आणि ते घेणार होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"मी सातवी वाचलीच नाही," ती म्हणाली. इतक्या हळू, की मागच्या वर्षीची ती परत आल्यासारखं वाटलं. "आजोबांशी बोलताना राहिली. सहानंतर आठ वाचली. बाबांनी त्यांच्या पद्धतीने केलं, कारण मी त्यांना सांगितलंच नाही."

आईने बूट अलगद टेबलावर ठेवले.

"उकलता येतील?" मावशीने विचारलं.

"शिलाई उकलेल. चिकटवलेला पापुद्रा सोडवायला गेलो तर फाटेल." बाबांनी हे अगदी शांतपणे सांगितलं, आणि शांतपणेच आरी खोक्यात ठेवली. बाजारातल्या किल्ल्यांच्या टपरीत बसलेले बाबा कसे दिसतील ते भोंग्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं, पाठीमागे दीड हात भिंत, पुढे दीड हात फळी.

ती बुटाकडे बघत राहिली. बोलायला तोंड नव्हतं, म्हणून असेल, पण डोकं चालायला लागलं. तिने दप्तरातून वही काढली, दोन आयतं एकावर एक काढली, वरच्याला वर ठिपका, खालच्याला खाली.

"मावशी, रस्सीखेच बरोबरीत सुटते ती दोघं एकाच दोरीला आहेत म्हणून ना?"

"हो. एकाच्या पुढे एक जोडलेत."

"पण हे बघ. बाहेर दोन्हीकडे ठिपकेच आहेत. म्हणजे बाहेरच्या दोन्ही अंगांना येणारी वीज एकाच जातीची. आणि आत दोन्ही पाठी, त्यांची दुसऱ्या जातीची. मग बाहेरच्या दोघांना मिळून एक तार, आतल्या दोघांना मिळून दुसरी तार, असं केलं तर? दोरी दोघांची वेगळी, पण माल एकाच पोत्यात."

मावशीने वही ओढून घेतली. पेन्सिल घेतली. बाण काढले, खोडले, पुन्हा काढले. मग पेन्सिल तोंडात धरून छताकडे पाहिलं, आणि हे लक्षण चांगलं असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"विजेचा दाब निम्मा होईल," ती पुटपुटली. "पण माल दुप्पट. डबी तेवढ्या दाबातही भरेल. आणि बाहेरची दोन्ही अंगं एकाच तारेवर, म्हणजे मोजा घामाने ओला झाला तरी वीज गळायला वाव कमी." तिने पेन्सिल काढली. "हे चालेल. चालेल काय, आम्ही लावतो त्यापेक्षा... असू दे, आत्ता काही म्हणत नाही." मग तिचा चेहरा पुन्हा पडला. "पण आतल्या शेपट्या लागतील. त्या तुम्ही कापल्या असतील ना, भावोजी? मधे येतात म्हणून?"

"कापायला काय झालं? तू कापू नको म्हणाली होतीस. आणि कापलेलं परत येत नाही, हे आमच्यात पोर चालायच्या आधी शिकतं. दुमडून शिलाईच्या आत सारल्यात."

आरी खोक्यातून पुन्हा बाहेर आली. बाबांनी पायाच्या कमानीकडची शिलाई उकलायला घेतली, एका बुटाचे बत्तीस टाके, दुसऱ्याचे बत्तीस. त्याच भोकांतून पुन्हा शिवायचं होतं, म्हणजे एकही भोक मोठं होऊन चालणार नव्हतं. आईने दिवा धरला. भोंग्याला दोरा मेणावरून ओढायला बसवलं, आणि तिने तो गपचूप ओढला. शेपट्या चिमट्याने बाहेर आल्या, चुरगळलेल्या पण अख्ख्या. मावशीने चांदी मिसळलेल्या गोंदाने तारा जोडल्या. गोंद सुकायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात आईने सगळ्यांना चहा दिला आणि कोणीच त्याची चव घेतली नाही.

मग मावशीने अंगठा दाबला, आणि काटा उडाला. सोडला, काटा उलटीकडे उडाला. दाब, सोड, दाब, सोड. बाबांनी स्वतः एकदा दाबून पाहिलं आणि पटकन हात मागे घेतला, जणू कुणाची झोप मोडली.

"सरांना हे सांगायची गरज नाही," मावशी डब्या बसवता बसवता म्हणाली. "दिवा लागला की झालं."

"मी सांगणार," भोंगा म्हणाली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही.

शनिवारी साडेनऊला, नवे बूट घालून सकाळची फेरी मारून, टपालवाल्या बाई प्रयोगशाळेत शिरल्या. उंच, रुंद, आणि आवाज असा की भोंग्याला गुरू भेटल्यासारखं वाटलं. अंगावर भली मोठी थैली.

"बूट झकास आहेत," बाई म्हणाल्या. "दिवा लागो न लागो, मी परत देणार नाही, आधीच सांगते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझी करंगळी माझ्याशी भांडली नाही."

मोठे सर घड्याळ घेऊन उभे होते. दिवे लावायच्या आधी भोंगा पुढे झाली. माईक नव्हता, मैदान नव्हतं, तरी ती तशीच ताठ उभी राहिली. "सर, पापुद्रे मावशीच्या कागदात लिहिलंय तसे नाहीत. पाठीला पाठ आहेत. सातवी सूचना मी वाचायची विसरले. मग आम्ही तारा बदलल्या."

"हं," सर म्हणाले. मग मावशीकडे. "बदलल्या कशा?" मावशीने वही दाखवली. सरांनी पाहिली, आणि पुन्हा एक "हं" निघाला, पण हा पहिल्यापेक्षा जरा लांब होता.

बाईंनी टाचेतली दिव्याची कळ दाबली. दोन्ही दिवे लागले. लालभडक, लहानसे, पण खणखणीत. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. बाबा भिंतीशी हात मागे बांधून उभे. चार मिनिटं झाली आणि उजवा दिवा डोळे मिटायला लागला. चार मिनिटं दहा सेकंदांना तो विझला. डावा आपला जळतोय, सात मिनिटं जळला.

"पाच ठरली होती," सर म्हणाले. कठोरपणे नाही, पण ठरलं ते ठरलं अशा आवाजात. "दोन्हीला."

मावशी मीटर काढायला लागली, कुठे गोंद सुटलाय का बघायला. बाबा मात्र भिंत सोडून पुढे आले, आणि सरांकडे नाही, बाईंकडे वळले.

"बाई, तुमचे जुने बूट आहेत का बरोबर?"

"थैलीत आहेत. का?"

"बघू."

बाईंनी काढून दिले. बाबांनी ते टेबलावर उलटे ठेवले, टाचा वर. 'हात लावू नये' या चिठ्ठीच्या बरोबर वर. डाव्या बुटाची टाच बाहेरून पार झिजून तिरकी झालेली, उजव्याची जवळजवळ नवी.

"थैली डाव्या खांद्यावर घेता ना?"

"पंचवीस वर्षं."

"तरीच. तुमचा डावा पाय नोकरी करतो, बाई, उजवा नुसता सोबत जातो."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की बरण्या किणकिणल्या. "आमच्या घरी पण असंच आहे," त्या म्हणाल्या. "मी डावी."

बाबा सरांकडे वळले. आता त्यांचा आवाज दुकानातला होता, स्वतःच्या खुर्चीत बसल्यावर असतो तसा. "पापुद्र्यात खोट नाही, सर. उजव्यावर भारच पडला नाही तर तो देणार काय? मला नुसतं माप मिळालं, पाय मिळाले नाहीत, नाहीतर आधीच कळलं असतं. हलक्या पायाला पापुद्र्यांची एक जोडी जास्त घालायची, टाचही केसभर उंच करायची. कुठला पाय हलका ते माणसागणिक वेगळं. कोणी थैली डावीकडे घेतं, कोणी उजवीकडे, कोणाचा गुडघा दुखतो."

"खात्री?"

"बाई, थैली उजव्या खांद्यावर घ्या आणि जरा चालून या."

"पुन्हा फेरी?" बाई म्हणाल्या, पण थैली खांदेपालट करून निघाल्याच. जिना उतरल्या, चढल्या, व्हरांड्यातून गेल्या, आल्या, तासभर. वाटेत त्यांनी दोन मजल्यांचं टपालही वाटून टाकलं, तेवढंच उरकलं म्हणत. परत येऊन कळ दाबली. या वेळी उजवा दिवा सहा मिनिटं वीस सेकंद जळला, आणि डावा चारातच आडवा झाला.

सरांनी घड्याळ खिशात टाकलं. जुने बूट हातात घेऊन ते बराच वेळ त्या दोन टाचा पाहत राहिले.

"कारखान्याने सगळे जोड एकसारखे केले असते," ते म्हणाले.

"सगळे एकसारखेच चुकले असते मग," मावशी म्हणाली.

"वीस जोड," सर बाबांना म्हणाले. "तुमच्या पद्धतीने. पाठीला पाठ. हलक्या पायाला जास्त. पापुद्रे आम्ही देऊ." आणि थोडं थांबून, "कारखान्याला मी कळवतो."

बाबांनी मान हलवली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण सुरुवात जमत नव्हती, म्हणून भोंग्याने त्यांच्याऐवजी बोलावं असं सगळ्यांनाच वाटलं असणार. ती बोलली नाही. हे बाबांनीच बोलायचं होतं.

"माणसं पाठवा," बाबा शेवटी म्हणाले. "जुने बूट घालून. नवे घालून आले तर परत पाठवीन."

सोमवारी सकाळी दुकानापुढे रांग लागली. वीस टपालवाले, वीस थैल्या, आणि पुढे टपालवाल्या बाई, कोण आधी आलं आणि कोणाच्या मोज्याला भोक आहे ते खणखणीत आवाजात जाहीर करत. भोंगा दारात वही घेऊन बसली होती, एकेकाच्या पायाखाली कागद सरकवून पेन्सिल फिरवायला. पहिला पुढे आला, बुटाची नाडी सोडायला वाकला. बाबांनी त्याचा बूट घेतला, उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला.

"तुमच्या घराला जिना आहे," बाबा म्हणाले, "आणि उतरताना तुम्ही उजवीकडचा कठडा धरता."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"लिही," बाबा भोंग्याला म्हणाले, "डावा हलका. पुढचे कोण आहेत?"